गिरनीच्या तांदळाचं पानी

मला अजून राग येतो. हसू नका. लोनचं मुरवत्यात तसा म्या ह्यो राग मुरवलाय, आनि वर्साकाठी एकदा बरनी उघडून वास घेते. आज घेते, तुमीबी घ्या.

तवा भोरला राजाचं राज व्हतं. मोटार नसरापुरापातुर यायची, पुढं वेल्ह्याकडं चढायची तिची छाती न्हवती. आमची वाडी तोरण्याच्या पायथ्याला. पाऊस असा की आषाढात म्हशीच्या शिंगावर शेवाळ धरायचं. खोटं न्हाई सांगत, आमच्या म्हशीच्या डाव्या शिंगावर एकदा भाताचं रोप उगवलं, ते आत्याबाईंनी उपटून खाचरात लावलं.

आत्याबाई म्हंजी माझी सासू, धोंडाबाई. सासरं म्या नांदाया यायच्या आदीच गेलेलं, म्हनून सगळा कारभार त्यांच्याकडं. त्यांचा राग खोऱ्याला ठावा. त्या वरडल्या की गडावरची वांदरं खाली येऊन माफी मागून जायची, आपन काय केलंय ते ठावं नसताना. आनि त्यांचा ल्योक म्हंजी तुमचा आजा, गेनू. घेते नाव, आता काय व्हतंय. त्याच्यावर राग धरायचा तर सुरू कुठनं करायचं, हाच सवाल.

गिरनीपास्नं करू.

त्या वर्सी भातलावनीच्या तोंडाला घरातला तांदूळ सपत आला. कनगीत भात व्हतं, पर ते सडायचं व्हतं. दरसाल वाडीतली साळूबाई सडाया यायची आनि आमी तिघी उखळाला लागायचो. तांदूळ घराला, कोंडा म्हशीला, कनी पेजंला, आनि साळूबाईला तिचं सूपभर. पर तुमच्या आज्यानं नसरापुरात इंजानाची गिरनी बगितली व्हती. तवापास्नं त्याच्या कानात ती फटफट करायची. कुनाला इचारलं न्हाई, पहाटं भाताची पोती गाडीत घातली आनि गेला. गेला त्यो गेलाच. गिरनीपुढं गाड्यांची ही रांग, आनि ह्यो तितं चा पीत बसला. हिकडं वाडीत इर्जिकीच्या पाळ्या लागल्या.

इर्जीक म्हंजी सगळ्या वाडीनं आपापली बैलं घिऊन आज एकाच्या वावरात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी न्हाई. ज्याचं वावार त्यानं दुपारी पोटभर जेवू घालायचं. आनि त्याची एक रीत व्हती. सकाळची पाळी मानसं शब्दाखातर राबायची. दुपारची पाळी पानावर ठरायची. भात नीट असला तर हात धुऊन पुन्ना चिखलात. भात बिघडला, मानूस अर्धपोटी उठला, तर हात धुऊन सरळ आपल्या घरी. भांडान न्हाई, बोलनं न्हाई. बैलं सोडायची आनि चालाया लागायचं.

गाडीची वाट बगता बगता आमची पाळी हुकली. मिळाली ती सगळ्यात शेवटची. तवर दाढेतलं, म्हंजी पेरलेल्या वाफ्यातलं, रोप पिवळं पडाया लागलेलं. दुसरा दिवस कुनी देनार न्हवतं, ज्याला त्याला नाचनीची कामं. त्या एका दिवसात आमची सगळी खाचरं लागली तर वर्सभर खायचं, न्हाई लागली तर आत्याबाईंनी आनि म्या दुसऱ्याच्या दारात सूप घिऊन उभं ऱ्हायाचं.

अशात त्यो आला. एका बैलाचा खांदा जुवानं सोललेला, लाल भडक. गाडीतनं उतरला त्यो नुस्ता तांदूळच.

'कोंडा कुठाय?' म्या इचारलं.

'गिरनीवाल्यानं ठिवून घेतला. तितली रीतच हाय तशी.'

'आनि कनी?'

'तीबी त्याचीच. तू हे बग की.' मूठभर तांदूळ माझ्या नाकापुढं धरला. 'कसा पांढरा. जनू मोगऱ्याची कळी.'

'म्हशीला मोगरा चारू व्हय?'

साळूबाई दारात सूप घिऊन उभी व्हती. तिनं तांदळाकडं बगितलं, सूप काखंत मारलं आनि गेली. तिची ती पाठ मला अजून दिसती.

म्या त्या तांदळाचा मापटंभर भात टाकला. आमच्या उखळाच्या तांदळाला एका मापट्याला तीन मापटी पानी लागायचं. वर कोंड्याची साल ऱ्हायाची ना, ती पानी पिऊन पिऊन मऊ व्हायची. तेवढंच घातलं. झाकन काढलं तर आत खळ.

'बने, तुझ्या आयनं तुला भात शिकवला का भिंती सारवाया शिकवलं?' आत्याबाई म्हनल्या.

त्यो राग गिळला. पुन्ना मापटं घेतलं, पानी दोनच मापटी घातलं. उकळी आली, लाकडं वढली, झाकनावर निखारं ठिवलं. पान लावून चघळंस्तोवर भात तयार. शीत न् शीत मोकळं. इतक्या बिगी भात झालेला म्या जल्मात बगितला न्हवता, म्हनून बोट घालून खरंच शिजलाय का बगितलं, तर बोट भाजलं. आत्याबाईंनी खाल्ला. काय बोलल्या न्हाईत. त्यांचं न बोलनं म्हंजी दुसऱ्या सासूचं तोंडभरून कौतुक.

आता रखमाजी मामंजी. हे तुमच्या आज्याचं चुलतं. इर्जिकीचा भात बायांनी नसतो करायचा, बायांनी निवडायचा, धुवायचा आनि बाजूला व्हायचं. हंडा गड्यांचा. आमच्या वाडीत त्यो मान रखमाजी मामंजींचा. त्यांच्याकडं बापाच्या येळची येळूची काठी व्हती, तिला एक खाच. तांदूळ हंड्यात वतायचा, काठी तांदळावर टेकवून उभी करायची, आनि खाचंपातुर पानी. खोऱ्यातली सगळी लग्नं त्या खाचंवर लागली. दसऱ्याला काठीला हळदकुकू. त्या काठीनं आजवर एवढं पानी पिलं व्हतं की उन्हाळ्यात वाडीची हीर आटली म्हंजी बाया काठी पिळून घागर भरायच्या. म्या पिळली न्हाई, पर पिळताना बगितलंय.

इर्जिकीच्या दिवशी सकाळी सगळी वाडी आमच्या खालच्या खाचरात उतरली. बैलं चिखल करायची, बाया मागनं रोप लावायच्या. गोठ्याच्या पडवीत मामंजींनी तीन धोंडं मांडून हंडा चढवला. म्या तांदूळ धुऊन आनून ठिवला आनि पदर सावरून म्हनलं, 'मामंजी, गिरनीचा तांदूळ हाय. ह्याला पानी कमी लागतं.'

'बरं,' म्हनले, आनि काठी उभी केली.

'म्या करून बगितलाय, मामंजी.'

'किती?'

'मापटंभर.'

त्यांनी लाकडं आननाऱ्या गड्यांकडं बगितलं. 'गेन्या, तुझी बायकू मापटंभर भात रांधून हंड्याला शिकवाया आली. उद्या कोंबडी म्हशीला दूध कसं द्यायचं त्ये शिकवंल.'

गडी हासले. तुमचा आजाबी हासला. त्याचं हासनं सगळ्यात मोठं.

'मापट्याचं जाऊ द्या,' म्या म्हनलं. 'हंड्यात पानी आटतंबी कमी. म्हंजी आनिकच कमी घालाया पायजे.'

'सूनबाई, तू आमटीला फोडनी दे जा. लसून तेवढा जाळू नगंस.'

आनि वतलं पानी. खाचंपातुर. वर एक तांब्या घरातल्या मानाचा म्हनून.

म्या आमटीला फोडनी दिली. मिरची तेलात पडली आनि तडतडली, तर मला वाटलं मीच तडतडले.

दुपारी मानसं वर आली. वड्यावर हातपाय धुतलं, पडवीत पत्रावळी मांडल्या, सगळी वळीनं बसली. खालची खाचरं लागून झालेली, वरची ऱ्हायलेली. ती वरची मोठी, खरं भात त्यांच्यातच. मामंजींची झाकन काढायची एक तऱ्हा व्हती. मुंडासं नीट करायचं, गडाकडं बगून हात जोडायचं, मग झाकन. वाफ गेली. सगळी वाकून बगाया लागली.

आत पांढरा चिखल. मदी एक बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्ना यायचा. मामंजींनी पळा घातला तर त्यो उभा ऱ्हायला, काढाया गेलं तर हंडाच वर आला. आमची एक कोंबडी काठावर बसून बगत व्हती, ती आत घसरली ती दसऱ्याला निघाली, संगट पिल्लं घिऊन.

'लाकडं वली व्हती,' मामंजी म्हनले.

सगळी चुलीतल्या वाळक्या लाकडांकडं बगाया लागली.

'तांदळातच खोट हाय,' ते म्हनले.

आता गिरनीवर आलं म्हनल्यावर तुमच्या आज्याला बोलावं लागलं. सगळ्यांपुढं, हात करून माझ्याकडं, म्हनला, 'ही सकाळपास्नं तोंड वाजवतीय. हंडा चढताना हिनं मोडता घातला, मंग भात कसा व्हईल?'

कुंडलिक म्हनून आमचा शेजारी, त्यानं पत्रावळ सारली आनि उठाया हात टेकला. एक उठला की सगळी उठनार. खाली बैलं बांधलेली, सोडायचा तेवढा उशीर.

माझं कान असं तापलं की पदराला जळका वास आला. म्या पडवीतनं बाहीर आले आनि वरडले. माझा गळा म्हंजी काय त्ये तुमाला ठावं हाय. राजगडावरच्या घारी उडाल्या.

'बायांनो, ज्या घरात चूल हाय त्या घरची तपेली घिऊन या.'

पोत्यात तांदूळ अजून व्हता. बाया लुगडी खोचून पळत आल्या. एकेकीच्या तपेल्यात म्या तांदूळ मापून घातला. 'एका मापट्याला दोन मापटी पानी. उकळी आली की लाकडं वढायची, झाकनावर निखारं. आनि सासू आली तरी झाकन उघडायचं न्हाई.'

'सासरा आला तर?' एकीनं इचारलं.

'त्याला झाकनावर बसव.'

हिकडं गडी उठाया लागले व्हते, तर पडवीच्या दारात आत्याबाई आडव्या झाल्या. हातात मुसळ.

'बस रं कुंडलिका.'

'काकी, रीत हाय...'

'रीत माझ्या ल्योकानं नसरापुरात इकली. औंदा उखळ रिकामं हाय, म्हंजी मुसळबी रिकामंच हाय. कुनाला सडून पायजे?'

कुनाला सडून नगं व्हतं. बसले. आत्याबाईंनी मुसळ खाली ठिवलं न्हाई.

त्या दिवशी वाडीतल्या सगळ्या घरांतनं एकदम धूर निघाला. वेल्ह्याच्या फौजदाराला वाटलं गड पेटला, त्यानं शिपाई धाडला, शिपाई हितं येऊन जेवून गेला. तांदूळ गिरनीचा, म्हनून जमलं. उखळाचा असता तर सांज झाली असती. म्या त्या गिरनीला शिव्या देत व्हते आनि तिच्याच तांदळावर भरवसा ठिवून पळत व्हते, ह्याचा राग निराळाच.

तपेली याया लागली. झाकन काढलं की मोकळा भात. पत्रावळी भरल्या, आमटी पडली, पडवीत भुरके वाजाया लागले. सगळ्यात शेवटी आली अंबूबाई, रखमाजी मामंजींची बायकू. ती नवऱ्यापुढं कवा तोंड वर करून चालली न्हाई. तिच्या डोस्क्यावर सगळ्यात मोठं तपेलं.

मामंजी हंड्यापाशीच बसलेले, काठी मांडीवर. 'कुनाला इचारून चूल पेटवलीस?'

'चूल माझी हाय,' अंबूबाई म्हनली.

'आनि पानी कुनाच्या मापानं?'

'बनीच्या.'

मामंजी उठले. काठी काखंत घेतली, खाली गेले आनि आपली बैलं सोडली. त्यांचे दोगं भाऊ जेवता जेवता उठले, त्यांनीबी सोडली. अंबूबाईनं त्यांच्याकडं बगितलं, मग तपेल्याचं झाकन काढून कुंडलिकाला वाढलं.

बाकीची मानसं पोटभर जेवली. हात धुतलं आनि खरंच पुन्ना खाली चालाया लागली. पर वरच्या खाचरांत चिखल कशानं करायचा? मामंजींची आनि त्यांच्या भावांची मिळून वाडीतली निम्मी बैलं गेलेली. ऱ्हायलेल्या जोड्या एका अंगाला लागल्या, दुसरं अंग तसंच कोरडं. आनि आमच्या एका बैलाचा खांदा गिरनीनं सोलून ठिवलेला. रोपाच्या मुठी बांधावर पडलेल्या, दिवस कलाया लागलेला.

म्या बांधावर उभी. माझ्या अंगात एवढा राग की पाऊस माझ्यावर पडला की चर्र वाजायचा.

आत्याबाई माझ्या अंगावरनं खाचरात उतरल्या. गुडघ्यापातुर पान्यात. 'बने, खाली उतर.'

'काय करू उतरून?'

'राग हाय ना? मंग पायात घाल त्यो. तुडव.'

उतरले. एक पाय मारला, गिरनीवाल्याच्या नावानं. दुसरा मारला, कोंड्याच्या नावानं. मग नावं सपंनात. अंबूबाई उतरली, तिनं तर एकाच नावानं तुडवलं, पर असं तुडवलं की ढेकूळ ऱ्हायलं न्हाई. साळूबाई सांगावा न धाडता आली. सगळ्या बाया एकीच्या खांद्यावर एकीनं हात टाकून, वळीनं, ह्या बांधापास्नं त्या बांधापातुर. आमच्या पायाचा दणका असा की भोरात मामलेदाराच्या दौतीतली शाई सांडली. चिखल लोन्यावानी झाला.

आनि तुमचा आजा? त्यो बांधावर उभा व्हता. आमचा एक बैल धड व्हता आनि जू पडलेलं. म्या नुस्तं बैलाकडं बगितलं, मग जुवाच्या रिकाम्या बाजूकडं बगितलं, मग त्याच्याकडं बगितलं. त्यो आला आनि त्यानं जुवाला खांदा दिला. बैलापेक्षा बरा चालला. कुंडलिक मागनं आसूड घिऊन 'हुर्र' म्हनत व्हता, त्यालाबी कवाचा राग काढायचा व्हता वाटतं. हे खोटं वाटत असंल तर तुमच्या आज्याला इचारा. त्यो तर गेला, म्हंजी म्या म्हनते तेच खरं.

दिवस गडाआड जाया लागला तवा शेवटची मूठ रोवली. पाठ सरळ व्हईना. वर बगते तर बांधावर रखमाजी मामंजी. बैलं संगट.

'वैनी,' आत्याबाईंना म्हनले, 'बैलं घालू का?'

'नगं भावजी. आमचं लागलं.'

ते हललं न्हाईत. बैलं माना हालवत उभी. मामंजी सकाळच्या न्याहरीवर व्हते, पोटात काय न्हवतं. घरची चूल अंबूबाईनं पेटवली ती आमच्यासाटी, आनि अंबूबाई हितं चिखलात. तिनं त्यांच्याकडं बगितलंच न्हाई, आपलं पाय धूत बसली.

म्या वर गेले. अंबूबाईच्या तपेल्यात तळाला भात व्हता, त्यो पत्रावळीवर घातला, आमटी वतली आनि त्यांच्यापुढं ठिवला. ठिवला म्हंजी आदळला. त्यांनी पहिला घास घेतला. मग दुसरा. मग मान खाली घालून जेवले, बोटं चाटून. पुन्ना भात मागितला. मागावा लागला त्यांना, म्या आपन हून वाढला न्हाई.

हात धुतल्यावर जरा खाकरले. 'बने.'

'काय?'

'मापट्याला दोन, त्ये आयकलं म्या. हंड्याला किती घालायचं?'

तुमचा आजा जू ठिवून खांदा चोळत आला व्हता. कुंडलिक थांबला. आत्याबाईंनी माझ्याकडं बगितलं.

'राग गेला की सांगते, मामंजी,' म्हनलं.

त्यांनी मान हालवली. दुसऱ्या लावनीला त्यांनी दारात येऊन इचारलं, 'बने, गेला का?' म्या म्हनलं, 'न्हाई.' त्याच्या पुढच्या लावनीलाबी इचारलं. मग वाडीत गिरनीचाच तांदूळ याया लागला, मामंजींचा भात कवा चिखल व्हायचा, कवा कच्चा ऱ्हायाचा, लोक खाली मान घालून जेवायचे. शेवटी शेवटी त्यांना दिसत न्हवतं, तर नातवाचा हात धरून यायचे, दारातनंच इचारायचे. म्या चुलीपुढनं म्हनायची, 'न्हाई गेला, मामंजी, अजून हाय तसाच हाय.'

आनि सांगनार तरी काय व्हते? मला कुठं ठावं व्हतं. हंड्याचा भात म्या कवा रांधलाच न्हाई. कुनी रांधू दिलाच न्हाई.